अक्कलदाढेची सर्जरी, सलाईनमधून दिलेली भूल आणि माझी २३ वर्षांची भीती

५ पैकी ४ स्टार. सर्जरीला आणि भुलीला पूर्ण ५, एक स्टार कापलाय तो फोनवर दिलेल्या चुकीच्या माहितीसाठी, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. क्लिनिक नाशिकमधलं आहे, नाव लिहीत नाहीये, कारण मला त्या एका क्लिनिकपेक्षा ह्या सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषध देण्याच्या, प्रकाराबद्दल सांगायचंय. मी स्वतः महिनाभर शोधत होते की कोणीतरी मराठीत नीट सांगेल की ती सुई टोचल्यावर नक्की होतं काय, झोप लागते का, दुखतं का, मधेच जाग आली तर काय, आणि कुठेच धड सापडलं नाही. म्हणून जे जे झालं ते सगळं लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी माझं सांगते. वय ३४, थायरॉइडची गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत. आणि दातांच्या डॉक्टरांची भीती, म्हणजे साधी भीती नाही, त्या खुर्चीचा नुसता वास आठवला तरी हातपाय गार पडायचे. ११ वर्षांची असताना एक दाढ सुजली होती, गाल टम्म, पू झालेला, रात्रभर रडत होते, आणि सकाळी आमच्याकडच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि ५ मिनिटांत दाढ धरली. मला सगळं कळत होतं, मी ओरडत होते की दुखतंय, आणि ते म्हणत होते इंजेक्शन दिलंय, दुखूच शकत नाही, नाटकं करू नकोस. पप्पांनी हात धरून ठेवले होते. तेव्हापासून घरात मी म्हणजे नाटकी, आणि दातांचं काही निघालं की मी गप्प बसून पेनकिलर घेणार, असं २३ वर्षं चाललं.

यंदा जून महिन्यात उजवीकडची खालची अक्कलदाढ वर यायला लागली पण पूर्ण येईना, तिच्यावरची हिरडी सुजायची, तोंड उघडायला त्रास, घास चावता येईना. दोनदा अँटिबायोटिकवर काढलं. तिसऱ्यांदा ताईने मला अक्षरशः हाताला धरून ओरल सर्जनकडे नेलं. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला तर दाढ आडवी, पुढच्या दाढेला टेकून झोपलेली, आणि मुळं खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या जवळ. म्हणून मग थ्रीडी स्कॅनही काढायला लावला. डॉक्टर म्हणाले हिरडी थोडी उघडून, हाड थोडं घासून, दाढेचे दोन तुकडे करून काढावी लागेल, वरची दाढ खालच्या हिरडीला टोचतेय तर तीही त्याच वेळी काढू, आणि नस जवळ असल्यामुळे खालच्या ओठाला काही दिवस, क्वचित काही महिने बधिरपणा राहू शकतो, कायमचा राहण्याची शक्यता फार कमी पण शून्य नाही. हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं त्याचं मला बरं वाटलं.

आणि मग मी तिथेच रडायला लागले. थांबेचना. त्यांनी खुर्ची सरळ केली, सिस्टरला पाणी आणायला सांगितलं आणि विचारलं की लहानपणी काही झालं होतं का. मी ती गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही नाटक नव्हता करत. पू झालेला असला, सूज असली, की तिथलं वातावरण आम्ल होतं आणि तिथे भुलीचं इंजेक्शन नीट काम करत नाही. तुम्हाला खरंच दुखत होतं." मी ताईकडे बघितलं, तिच्या डोळ्यात पाणी. २३ वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ह्याच कारणासाठी त्यांनी आत्तासुद्धा आधी ५ दिवस औषध देऊन सूज उतरवली आणि मगच सर्जरीची तारीख दिली. तुमची दाढ सुजलेली असताना कोणी लगेच आत्ताच काढू म्हणालं तर इंजेक्शन पूर्ण लागेल का हे एकदा विचाराच.

आता पर्याय. त्यांनी तीन सांगितले. एक, नुसतं जागेवरचं इंजेक्शन, बहुतेक लोकांचं तेवढ्यावर होतं, माझ्या दिराची वरची अक्कलदाढ २० मिनिटांत निघाली आणि तो बाईक चालवत घरी आला. दोन, सलाईनमधून सेडेशन, त्याला भूलतज्ज्ञ बोलवावे लागतात. तीन, हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल, घशात नळी घालून. नाकावर मास्क लावून गॅस देतात तोही एक प्रकार असतो पण ह्या क्लिनिकमध्ये नाही, आणि त्यात तुम्ही बऱ्यापैकी जागेच असता. माझी भीती बघून ते दोन नंबरचं म्हणाले. दाढ सरळ असेल, वरची असेल आणि तुम्हाला फार भीती नसेल तर ह्यासाठी वेगळे पैसे घालवू नका, उगाच आहे म्हणून घ्यायची ही गोष्ट नाही.

भूलतज्ज्ञ मॅडमची भेट सर्जरीच्या चार दिवस आधी झाली, आणि मला वाटतं पूर्ण अनुभवातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास तोच होता. वय साधारण पन्नाशीच्या पुढचं, शांत बोलणं. त्यांनी वजन केलं, बीपी बघितलं, आ करायला लावून जीभ बाहेर काढायला सांगितली, मान मागे करून बघितली. मला कळेना दाताच्या सर्जरीला मानेचं काय काम, तर म्हणाल्या की गरज पडली तर मला तुमच्या श्वासाचा रस्ता पटकन उघडता यायला हवा, तो किती सोपा आहे ते आधीच बघून ठेवते. मग प्रश्न. घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी कधी सांगितलंय का, दमा, आम्लपित्त, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधी कधी भूल घेतली होती का, दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या, पाळी कधी आली, दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का. ताई समोर बसलेली होती तरी सगळं विचारलं. कृपा करून ह्या प्रश्नांची खरी उत्तरं द्या. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचं लाजेखातर लपवलं तर डोसचा अंदाज चुकतो, आणि हे औषध श्वास मंदावणारं आहे, त्यात चूक परवडत नाही. घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास थांबणाऱ्या लोकांना तर त्या क्लिनिकमध्ये करतच नाहीत, हॉस्पिटलला पाठवतात.

मी त्यांना विचारलं, मला झोप लागेल ना नक्की? त्या म्हणाल्या नाही. आणि इथेच माझा महिनाभराचा गैरसमज गेला. हे झोपवणं नाहीये. तुम्ही अर्धवट गुंगीत असता, हाक मारली तर ऐकू येते, तोंड उघडा म्हटलं तर उघडता, श्वास तुमचा तुम्ही घेता. दुखणं थांबवायचं काम हिरडीतल्या इंजेक्शनचंच असतं, ते गुंगीतसुद्धा द्यावंच लागतं. सलाईनमधलं औषध भीती काढतं आणि आठवण तयार होऊ देत नाही. म्हणजे झालेली आठवण पुसत नाही, ती मुळात लिहिलीच जात नाही. औषध आत जायच्या आधीचं सगळं लक्षात राहतं, नंतरचं तुटक तुटक किंवा काहीच नाही. मी म्हटलं म्हणजे दुखेल आणि मी विसरून जाईन असं का? हा प्रश्न मला रात्र रात्र छळत होता. त्या म्हणाल्या, "नाही. इंजेक्शन लागलंय की नाही ते आम्ही तपासून घेतो, आणि दुखलं तर तुम्ही हात हलवाल, चेहरा आवळाल, नाडी वाढेल, मला मॉनिटरवर दिसेल. मग आम्ही थांबतो आणि अजून इंजेक्शन देतो." माझा जीव तेव्हा भांड्यात पडला. गप्पांत त्यांनीच सांगितलं की भुलीचा शोध मुळात दातांच्या डॉक्टरांमुळेच पुढे आला, अमेरिकेत होरेस वेल्सने १८४४ मध्ये गॅस वापरून बघितला आणि १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनच्या हॉस्पिटलात विल्यम मॉर्टनने सगळ्यांसमोर ईथर देऊन दाखवलं, दोघेही दंतवैद्य. म्हणजे ह्या खुर्चीची भीती किती जुनी आहे बघा.

आता तक्रार. उपाशीपोटी राहण्याचं मॅडमनी त्या भेटीत सांगितलं होतं की हलकं खाणं ६ तास आधी बंद, तळलेलं तेलकट ८ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालेल, आणि दुधाचा चहा म्हणजे पाणी नाही, तो खाण्यातच मोजायचा. कारण गुंगीत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावरचं होऊ शकतं. हे इतकं साधं. पण आदल्या दिवशी रिसेप्शनवरून फोन आला की रात्री १० नंतर काहीच घ्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, सकाळच्या गोळ्यापण नाही. मी म्हटलं मॅडम तर पाणी चालेल म्हणाल्या होत्या, तर उत्तर आलं की आमच्याकडे सगळ्यांना असंच सांगतो. मी घाबरट, ऐकलं. अपॉइंटमेंट ११ ची, आधीची केस लांबली, माझा नंबर लागला पावणेदोनला. जवळजवळ १६ तास पाण्याशिवाय, डोकं ठणकत होतं, घशाला कोरड, ऑगस्टमधला दमट उकाडा. भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, त्यांना कळलं तर त्या खरंच चिडल्या, रिसेप्शनला जाऊन बोलल्या, आणि आधी अर्धी बाटली सलाईन लावून मगच पुढे गेल्या. थायरॉइडची गोळीसुद्धा घोटभर पाण्यासोबत घ्यायला हवी होती म्हणाल्या. मला थायरॉइडची एक गोळी चुकली तर काही झालं नाही, पण विचार करा इथे एखादे साठीचे काका असते, बीपीची गोळी चुकवून आले असते, किंवा डायबेटिसवाली कोणी असती आणि गोळी घेऊन उपाशी बसली असती तर. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, ह्यातली कुठली घ्यायची आणि कुठली नाही हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते भूलतज्ज्ञच सांगू शकतात. हा स्टार ह्यासाठी कापला.

दुसरं, छोटं. सूचनांचा कागद पूर्ण इंग्रजीत. ताईला वाचता येतं, पण बाजूला एक आजोबा बसले होते नातवाला घेऊन, ते कागद उलटसुलट करत होते, शेवटी ताईनेच त्यांना वाचून दाखवला. नाशिकमध्ये मराठी कागद ठेवायला काय हरकत आहे.

सर्जरीचा दिवस. जाताना अर्ध्या बाहीचा सैल टॉप घाला, बीपीचा पट्टा दंडावर बांधतात. नेलपॉलिश काढून जा, मी गडद मरून लावलेलं होतं, सिस्टरने बोटावरचं पुसलं कारण बोटाला जो चिमटा लावतात त्याला ऑक्सिजन मोजताना गडद रंग नडतो. लेन्स असतील तर घरी ठेवा. लिपस्टिक नको, ओठांचा रंग त्यांना बघायचा असतो. आणि बरोबर एक मोठं माणूस हवंच, ते नसेल तर क्लिनिक सरळ परत पाठवतं, आणि बरोबरच आहे. आत जायच्या आधी संमतीपत्रावर सही घेतली, ती आधीच घेतात कारण औषध दिल्यावरच्या सहीला अर्थ नाही.

खुर्ची तीच नेहमीची, फक्त बाजूला मॉनिटर, ऑक्सिजनचा सिलिंडर, सक्शन, आणि एका ट्रेमध्ये भरून ठेवलेल्या सिरिंजा, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. मी विचारलं तर मॅडमनी एकेक दाखवली. मिडाझोलॅम गुंगीसाठी, फेंटानिल थोडंसं, दुखण्याची धार कमी करायला. आणि एका बाजूला वेगळ्या ठेवलेल्या दोन, ह्या दोन्ही औषधांचा असर उतरवणाऱ्या, फ्लुमाझेनिल आणि नॅलोक्सोन, "ह्या उघडायला लागू नयेत म्हणून समोर ठेवते" असं म्हणाल्या. बॅगसारखा एक फुगा होता, श्वास द्यावा लागला तर. हे बघून घाबरायला हवं होतं पण मला उलट धीर आला.

मग सुई. डाव्या हाताच्या मागच्या शिरेत, निळ्या टोपणाची बारीक. टोचताना मुंगी चावल्यासारखं, खोटं नाही सांगत, मी डोळे मिटून ताईचा हात धरला होता आणि ताईने नंतर मला नखांचे वळ दाखवले. सलाईन सुरू झाल्यावर हातात गार पाणी वर चढत जातंय असं जाणवतं. नाकाला ऑक्सिजनची नळी, छातीला तीन स्टिकर, दंडाला पट्टा जो दर ५ मिनिटांनी आपोआप आवळतो. ताईला बाहेर पाठवलं. मॅडम म्हणाल्या, "आता १ मिलीग्रॅम देते, थोडं गरगरल्यासारखं वाटेल, बोलत राहा माझ्याशी." आणि दोन-तीन मिनिटं थांबल्या, एकदम नाही देत, थोडं देऊन बघतात, मग अजून थोडं. पहिल्याने फार काही झालं नाही, फक्त खांदे खाली आले. मला तेव्हाच कळलं की मी किती वेळ खांदे कानापर्यंत वर ओढून बसले होते. दुसऱ्याने छतावरच्या दिव्याच्या कडा मऊ झाल्या. नाकाच्या शेंड्याला खाज यायला लागली, मी म्हटलं मॅडम नाकाला खाज येतेय, त्या हसल्या, म्हणाल्या फेंटानिलने येते, खाजवा. मी हात उचलला. तो नाकापर्यंत पोचला की नाही ते मला आजही माहीत नाही.

पुढचं तुटक आहे. तोंडात रबराचा ठोकळा होता, जबडा दुखू नये म्हणून तोंड उघडं धरून ठेवतात तो. लांबून कुठेतरी ड्रिलचा आवाज, शेजारच्या घरात काम चालू असल्यासारखा. एकदा गालावर जोरात दाब आला, ओढलं जातंय असं वाटलं, दुखलं नाही, नुसता दाब, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मॅडमचा आवाज, "खोल श्वास घ्या", आणि मी घेतला. बस. हिरडीतलं इंजेक्शन कधी दिलं, वरची दाढ कधी काढली, टाके कधी घातले, काहीही आठवत नाही. मला वाटलं ५-७ मिनिटं झाली असतील. घड्याळात ५५ मिनिटं होऊन गेली होती.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं की मी ओरडले का. ते म्हणाले सुरुवातीला एकदा तुम्ही हात वर केला, मी थांबलो, अजून थोडं इंजेक्शन दिलं, मग तुम्ही परत हात केला नाही. मी घरी येऊन हे वाक्य ताईला दोनदा सांगितलं. हात वर केला, आणि समोरचा माणूस थांबला. एवढंच हवं होतं मला ११ व्या वर्षी.

जाग आली असं म्हणता येत नाही, हळूहळू मी तिथे असल्याचं माझ्या लक्षात यायला लागलं. थंडी वाजत होती, सिस्टरने चादर टाकली. तोंडात गॉझचा बोळा, तो तासभर घट्ट चावून धरायचा. अर्ध्या तासाने उठवून बसवलं, बीपी बघितलं, नाव, वार, कुठे आहात ते विचारलं, पाणी दिलं, चार पावलं चालवलं, आणि तासाभराने सोडलं. सगळ्या सूचना ताईला दिल्या, आणि ते फार योग्य, कारण ताई सांगते की डॉक्टरांनी मलाही दाढ दाखवली, मी ती बघितली, धन्यवाद म्हटलं, आणि गाडीत बसताना परत विचारलं की दाढ निघाली का. रस्ताभर चार वेळा विचारलं. मला गाडीत बसलेलंच आठवत नाही, कॉलेज रोडचा सिग्नल तेवढा आठवतो. तुमच्या बरोबर येणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे ते घाबरणार नाहीत. दोन-चार तासांत माणूस बरा बोलायला लागतो पण डोकं पूर्ण जाग्यावर यायला वेळ लागतो, म्हणून २४ तास गाडी चालवायची नाही, गॅससमोर एकटीने उभं राहायचं नाही, कुठल्या कागदावर सही नाही, बँकेचे व्यवहार नाहीत. लहान मूल असेल तर त्या रात्री ते दुसऱ्या कोणाकडे द्या. मला संध्याकाळी वाटत होतं की मी एकदम नॉर्मल आहे, आणि बहिणीच्या मुलाला गणित समजावायला बसले तर तीच ओळ तीनदा वाचत होते.

दुखण्याचं आता खरं सांगते. सेडेशन घेतलं म्हणून नंतरचं दुखणं कमी होत नाही. हाड घासलंय, ते दुखणारच. बधिरपणा ४ तासांनी उतरायला लागला, आणि तो उतरायच्या आत पेनकिलर पोटात गेली पाहिजे, हे ताईने बरोबर सांभाळलं. ओठ बधिर असेपर्यंत गरम काही नाही आणि ओठ चावला जाणार नाही ह्याकडे लक्ष. पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, कारण खड्ड्यात जी रक्ताची गाठ बसते ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो, ते दुखणं सर्जरीपेक्षा वाईट. विडी-सिगारेट, तंबाखूवाल्यांना हे जास्त होतं. बर्फ बाहेरून गालावर, पहिला दिवस. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती, आरशात बघून मी घाबरले, पण डॉक्टरांनी हे आधीच सांगितलेलं. तोंड दोन बोटं पण उघडेना, ते आठवडाभराने सुटलं. ताक, गार पेज, मऊ वरणभात कोमट करून, कपातलं आईस्क्रीम चमच्याने, ह्यावर काढलं. आईने नाचणीची आंबील पाठवली होती, गार करून प्यायले, त्याने खरी ताकद आली. सुई टोचलेल्या जागी हातावर हिरवंनिळं झालं होतं, १० दिवसांत गेलं. टाके सातव्या दिवशी काढले, त्याला भूल नाही लागत, मी नुसती खुर्चीत बसले आणि बसू शकले. ओठाच्या उजव्या कडेला किंचित मुंग्या होत्या, तिसऱ्या आठवड्यात त्याही गेल्या.

पैसे. दोन दाढांचे १६,०००, भूलतज्ज्ञांचे ८,०००, औषधं आणि बाकीचं १,४००, म्हणजे २५,४००. स्कॅन वेगळा. भूलतज्ज्ञांची फी पहिल्या भेटीतल्या अंदाजात धरलेलीच नव्हती, ती मी स्वतः विचारल्यावर कळली, तेव्हा तुम्हीही आधीच विचारा. माझ्या मेडिक्लेममध्ये दातांचं अपघात सोडून काहीच बसत नव्हतं, अर्ज केला, पण पैसे नाही आले. रक्कम मोठी आहे, मला मान्य आहे. पण त्या ८,००० मधलं औषध काही शेकड्यांचंच असेल, बाकी सगळे पैसे त्या मॅडमचे, ज्या ५५ मिनिटं दुसरं काहीही न करता फक्त माझ्या श्वासाकडे बघत उभ्या होत्या. कोणी तुम्हाला म्हणालं की सर्जनच गुंगीचं औषध पण देतील, वेगळा माणूस कशाला, पैसे वाचतील, तर तिथून उठा. जो माणूस तुमच्या हाडावर ड्रिल चालवतोय त्याचे डोळे दाढेवर हवेत, आणि तुमच्या श्वासावर दुसऱ्या कोणाचे तरी. भूलतज्ज्ञ कोण आहेत, आधी भेटतील का, ऑक्सिजन आणि मॉनिटर आहे का, असर उतरवणारं औषध ठेवलंय का, एवढं विचारायला लाजू नका. चांगले डॉक्टर ह्या प्रश्नांनी रागावत नाहीत, मला तर मॅडमनी ट्रे दाखवला.

वयस्कर आईवडिलांसाठी कोणी वाचत असेल तर, डोस कमी लागतो आणि उतरायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे सकाळची वेळ घ्या आणि त्या रात्री कोणीतरी शेजारी झोपा. लहान मुलांचं सगळं वेगळं असतं, त्याबद्दल माझ्या अनुभवावरून काही ठरवू नका.

पप्पांना मी फोन करून सांगितलं की डॉक्टर म्हणाले पू असला की इंजेक्शन लागत नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, मला वाटलं होतं पटकन होऊन जाईल." मी म्हटलं असू द्या पप्पा, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं.

डावीकडची दाढ अजून आहे, तीही आडवीच. दिवाळीनंतरची तारीख घेतलीये, त्याच मॅडम असतील तरच असं सांगून. ह्यावेळी सकाळी ९ ची पहिली अपॉइंटमेंट मागितलीये, थायरॉइडची गोळी घेऊन जाणार आहे, आणि ७ वाजेपर्यंत पाणी पिणार आहे, रिसेप्शनवरून कोणीही काहीही सांगो.